मुख्य रस्त्यावरच्या इमारती आणि दुकानं : शंभर वर्षांची नोंद नेमकी कशाला धरून करायची?

पायरीचा_दगड

एका छोट्या गावाच्या मुख्य रस्त्याची इमारतीगणिक नोंद करायची आहे. रस्ता साधारण साडेतीनशे मीटर, दोन्ही बाजू धरून साठेक इमारती. कुठल्या इमारतीत कधी कोणतं दुकान होतं, इमारत कधी पाडली, वर मजला कधी चढवला, दर्शनी भाग कधी बदलला, असं सगळं शंभर-सव्वाशे वर्षांचं हवं आहे. हाताशी काही जुने फोटो, चार-पाच पोस्टकार्डं, विमा कंपन्यांसाठी काढलेला एक जुना नकाशा आणि मधल्या काही वर्षांच्या डिरेक्टऱ्या (रस्त्यावारी रहिवासी आणि दुकानांच्या छापील याद्या) आहेत.

अडचणी अशा :

१. घरक्रमांक जुळत नाहीत. एका डिरेक्टरीत १४ नंबरला शिंपी, पुढच्या डिरेक्टरीत १४ ला बँक, पण फोटोत बँक कोपऱ्यावर दिसते.
२. फोटोंवर तारखा नाहीत.
३. बऱ्याच इमारतींच्या तोंडावर पत्रे आणि पॅनेल ठोकलेत. मागे काय आहे ते कळत नाही.
४. एकाच दुकानाची दोन साधनांत दोन वेगळी वर्षं मिळतात.

एक्सेलमध्ये क्रमांकानुसार तक्ता सुरू केला होता, तिसऱ्याच पानावर गुंता झाला. कुठून सुरुवात करावी?

---

नकाशावाला

तक्ता मोडा आणि प्लॉटपासून पुन्हा सुरू करा. गुंता क्रमांकांमुळेच झालेला आहे.

रस्त्यावर सगळ्यात आधी बदलतं ते दुकान, त्याच्याहून सावकाश इमारत, आणि सगळ्यात सावकाश जमिनीच्या तुकड्याच्या हद्दी. एम. आर. जी. कॉन्झेन यांनी इंग्लंडमधल्या ॲनिक गावाचा जो अभ्यास १९६० साली प्रसिद्ध केला, त्यात हाच क्रम मांडला आहे : रस्त्यांची आखणी आणि प्लॉट चिवट, इमारती कमी चिवट, जमिनीचा वापर सगळ्यात चंचल. म्हणून खुंटा ठोकायचा तो प्लॉटवर. जुन्यात जुना मोजणीचा नकाशा घ्या, प्रत्येक प्लॉटला स्वतःचा क्रमांक द्या (उ-०१, उ-०२, द-०१ असा, बाजूनुसार) आणि सरकारी घरक्रमांकाला त्यातली फक्त एक माहिती समजा. दोन प्लॉट एक झाले तर जुने क्रमांक पुसू नका. उ-०७ आणि उ-०८ तसेच ठेवा आणि इमारतीच्या रकान्यात ‘०७+०८’ लिहा.

तक्ते चार लागतील. प्लॉट, इमारत, व्यवसाय, आणि चौथा या तिघांना जोडणारा : कोणता व्यवसाय कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर, कधी दिसला. व्यवसायाला वेगळा क्रमांक द्यायचं कारण असं की दुकानं चालतात. तेच नाव तीन दारं सोडून पलीकडे जातं, आणि इमारतीच्याच तक्त्यात नाव कोंबलं असेल तर ते दुकान एकदा मेलं आणि एकदा जन्मलं असं दिसतं. वरच्या मजल्याला नेहमी वेगळी ओळ.

क्रमांक जुळवायला ‘मेळ-तक्ता’ करा. ज्या व्यवसायांची जागा पक्की ठाऊक आहे (पोस्ट, देऊळ वा चर्च, कोपऱ्यावरची बँक, चित्रपटगृह) ते खुंटे. प्रत्येक डिरेक्टरीत दोन खुंट्यांमधली नोंदींची संख्या मोजा आणि ती त्या काळच्या नकाशावरच्या दुकानगाळ्यांशी ताडून बघा. नंबर बदलले असतील तर दोन लगतच्या वर्षांत सगळी नावं त्याच क्रमाने पण सरकलेली दिसतील. एखाददुसरंच नाव सरकलं असेल तर दुकान हललंय. डिरेक्टरीत रस्त्याच्या यादीत मध्येच ‘येथे अमुक गल्ली मिळते’ अशी ओळ असते, ती सोडू नका. क्रमांकांपेक्षा तीच भरवशाची.

डिरेक्टरीवर छापलेलं वर्ष आणि माहिती गोळा केल्याचं वर्ष एक नसतं. १९३१ च्या डिरेक्टरीतली माहिती बहुधा १९३० मध्ये गोळा केलेली असते. शिवाय बंद पडलेलं दुकान एखादी आवृत्ती तसंच राहून जातं, कारण नाव काढायचं कोणीतरी कळवावं लागतं.

आता विम्याचा नकाशा. हा मोठा ठेवा आहे, पण यातच माणसं सर्वाधिक फसतात. अमेरिकेत सॅनबॉर्न कंपनी १८६७ पासून असे नकाशे करत होती, ब्रिटनमध्ये चार्ल्स गोड यांची कंपनी १८८५ पासून. सॅनबॉर्नचं प्रमाण बहुतेक एका इंचाला ५० फूट, म्हणजे १:६००. रंग बांधकामाचा : गुलाबी वीट, पिवळा लाकूड, निळा दगड किंवा काँक्रीट, करडा लोखंड. मजल्यांचा आकडा इमारतीच्या कोपऱ्यात, ‘एस’ म्हणजे दुकान, ‘डी’ म्हणजे राहतं घर. तुमचा नकाशा दुसऱ्या कोणाचा असेल तर रंगांची किल्ली पहिल्या पानावर शोधा, अंदाजाने रंग वाचू नका.

फसगत इथे होते : नवा नकाशा छापणं महाग, म्हणून बदललेल्या इमारतीचा छापील तुकडा जुन्या पानावर चिकटवायचे. त्यामुळे एकाच पानावर दोन-तीन काळ शेजारी नांदतात. पानावर १९१० छापलंय म्हणून त्यावरची प्रत्येक इमारत १९१० ची धरू नका. मूळ प्रत बघायला मिळाली तर पान तिरप्या उजेडात धरा, चिकटवलेल्या तुकड्याची कड सावली टाकते. स्कॅनवर कड दिसत नाही, तिथे अर्धवट तुटलेली अक्षरं आणि सांध्यावर न जुळणाऱ्या रेषा शोधा. दुरुस्त्यांच्या तारखा कधीकधी पहिल्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतात.

---

चुना_आणि_वीट

कागदाचं नकाशावाला यांनी सांगितलं. इमारत स्वतः काय सांगते ते मी लिहितो. मात्र एक पथ्य पाळा. इमारतीतल्या एखाद्या वस्तूवरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सिद्ध होतं. ‘याच वर्षीचं’ असं कधीच नाही. जुना माल पुन्हा वापरतात.

वर बघा. तळमजला दर पंधरा-वीस वर्षांनी बदलतो, कारण गिऱ्हाईक तिथे बघतं. पहिल्या मजल्यापासून वर बहुधा मूळ इमारत शिल्लक असते. रस्त्याच्या पलीकडून दुर्बिणीने कंगोरे, खिडक्यांच्या कमानी, छताची रेघ पाहा. दोन दुकानांच्या वरची खिडक्यांची रांग आणि कंगोरा सलग चालला असेल तर ती एकच इमारत आहे, खाली दोन पाट्या असल्या तरी. उलट एका लांबलचक पाटीच्या वर दोन वेगळ्या उंचीचे कंगोरे दिसले तर दोन इमारती आतून एक केल्यात. आत गेल्यावर मध्येच एक पायरी किंवा उतार लागेल, कारण दोन्ही जोती एका पातळीत नव्हती.

विटांत उभी सरळ भेग शोधा. म्हणजे तडा नव्हे. तडा वाकडातिकडा जातो. ही रेघ ओळंब्यात असते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे थर एकमेकांत गुंतलेले नसतात. तिथे एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालंय. कोणतं आधीचं? ज्या बाजूला कोपऱ्याचे चिरे किंवा नीट बंद केलेली कड आहे ती बाजू आधीची, दुसरी तिला येऊन टेकलेली.

दुकानाचं तोंड रुंद केलं असेल तर वरच्या भिंतीचा भार घ्यायला गर्डर टाकलेला असतो. त्याच्या उभ्या पट्टीवर पोलाद कारखान्याचं नाव उठवलेलं सापडतं : डॉर्मन लाँग, कार्नेगी वगैरे. नाव मिळालं म्हणून लगेच वर्ष लिहू नका. कार्नेगी कंपनी १९०१ मध्ये यू. एस. स्टीलमध्ये गेली तरी ते नाव पुढेही बरीच वर्षं गर्डरवर उठत होतं. आणि गर्डरला विनाकारण भोकं असतील तर तो दुसरीकडून काढून आणलेला आहे.

फळ्यांच्या दाराची दुकानं ओळखायला उंबरठा आणि वरची चौकट तपासा. आज तिथे शटर असलं तरी खाचा राहतात. वरची खाच खालचीपेक्षा खोल असते, साधारण दुप्पट. फळी आधी वरच्या खाचेत पूर्ण घुसवायची, मग तळ आत ओढून खालच्या खाचेत सोडायची, म्हणून. दोन्ही खाचा सारख्याच खोल असतील तर तिथे फळ्या नव्हत्या, कायमची पट्टी किंवा काचेची चौकट होती. फळी एखादी माळ्यावर सापडलीच तर तिच्या कडेला कोरलेले क्रमांक बघा. फळ्या क्रमाने बसवाव्या लागत, त्यामुळे सर्वांत मोठ्या क्रमांकावरून दुकानाच्या तोंडाची जुनी रुंदी निदान किती होती ते काढता येतं.

फरशीही बोलकी असते. दुकानाच्या मध्यातून वेगळ्या रंगाच्या फरश्यांचा पट्टा मागपर्यंत गेला असेल तर तिथे भिंत होती. पट्टा मोजा : १०-१२ सेंटिमीटर असेल तर अर्ध्या विटेची आडभिंत, २३ च्या आसपास असेल तर एका विटेची, म्हणजे बहुधा भार घेणारी. तसं असेल तर छताखाली गर्डर असलाच पाहिजे. तो नसेल तर ही नोंद इतिहासाच्या वहीत नंतर करा, आधी मालकाच्या कानावर घाला.

बारीकसारीक वस्तूंच्या ‘याच्या आधीचं नाही’ तारखा, पाठ असलेल्या बऱ्या :

नालीदार लोखंडी पत्रा १८२९ नंतर, जस्ताचा मुलामा दिलेला १८३७ नंतर. स्क्रूचं टोक बोथट असेल तर तो साधारण १८५० च्या आधीच्या घडणीचा, टोकदार असेल तर नंतरचा. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३६ च्या आधी नाही. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्रास झाला, त्याआधीचा खिळा चपटा, निमुळता. दुकानाच्या मोठ्या काचेवर छोट्या नक्षीदार चौकोनी काचांचा पट्टा असेल तर ती उजेड आत वळवणारी प्रिझम काच, लक्सफर कंपनीची १८९७ पासूनची. वीज स्वस्त झाल्यावर तो पट्टा रंगवून किंवा पाटीखाली झाकून टाकत. निऑनची नळी लोकांनी प्रथम १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पाहिली. ट्यूबलाइट विक्रीला १९३८ मध्ये आली. ॲल्युमिनियमचं दुपदरी पॅनेल १९६९ पासून. यंत्राने कापलेली व्हिनाइलची अक्षरं १९८३ च्या सुमारास आलेल्या कापणी यंत्रांनंतरची.

काचेची एक छान परीक्षा आहे. आजची सपाट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, ती पद्धत पिल्किंग्टनने १९५९ मध्ये जाहीर केली. अशा काचेच्या एका बाजूला कथलाचा अंश राहतो आणि २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ती बाजू दुधाळ चमकते. अंधार करा, दोन्ही बाजूंनी दिवा धरा, कारण हा प्रकाश काचेतून पार जात नाही. बाजारातल्या ३९५ वाल्या टॉर्चने काही दिसणार नाही. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे घाला, हा प्रकाश इजा करतो. दोन्ही बाजूंनी चमक नसेल तर काच जुन्या पद्धतीची असण्याची शक्यता मोठी. आणि ‘खाली जाड झालीय म्हणजे जुनी, काच हळूहळू ओघळते’ हे ऐकलं तर सोडून द्या. काच ओघळत नाही, जुन्या काचा मुळातच असमान जाडीच्या होत.

---

पायरीचा_दगड

खूपच कामाचं. दोन उपप्रश्न. पत्रे-पॅनेल न काढता मागचं बघता येतं का? आणि एका बाजूच्या भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीची अक्षरं पुसट दिसतात, एकावर एक दोन जाहिराती असाव्यात. ती वाचायची कशी?

---

चुना_आणि_वीट

आधी जाहिरात. पांढऱ्या रंगात शिसं असायचं, त्यामुळे पांढरी अक्षरं टिकतात आणि भोवतालचा रंग उडतो. कधी उलटंही होतं : अक्षरं उडाली तरी त्यांच्याखालची वीट उन्हापावसापासून वाचलेली असते, म्हणून आकार उरतो. झाडांवर मारायच्या फवाऱ्याने साधं पाणी मारा. काही मिनिटं रंग गडद होऊन अक्षरं उठून दिसतात, तेवढ्यात फोटो काढा. दुसरा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी भिंतीला घासून ऊन जात असताना, तेव्हा रंगाच्या थराची जाडी दिसते. तिसरा ढगाळ उजेडात, रंगांसाठी. मग संगणकावर लाल, हिरवा, निळा पट वेगळे करून पाहा. गुहाचित्रांसाठी बनवलेलं डी-स्ट्रेच हे साधन इथेही उत्तम चालतं, दोन जाहिराती बहुतेक वेळा वेगळ्या रंगांत सुट्या होतात. ब्रशने घासणं, प्रेशरने धुणं, वरून पारदर्शक वॉर्निश चढवणं यातलं काहीही करू नका. वॉर्निशखाली ओल अडकते आणि विटेचा पापुद्राच सुटतो.

पत्र्यामागचं बघायला फोनला जोडायचा नळीचा कॅमेरा घ्या, ५-६ मिलिमीटर जाडीचा. पॅनेलच्या खालच्या कडेला किंवा कोपऱ्यात फट असतेच. पाहायच्या तीन गोष्टी आहेत. एक, कंगोरे शिल्लक आहेत की सपाट पृष्ठभागासाठी छिन्नीने उडवलेत. आवरण चढवताना पुढे आलेलं सगळं तोडायची पद्धत होती, म्हणून ‘आवरण काढलं की मूळ रूप मिळेल’ ही आशा बऱ्याच ठिकाणी खोटी ठरते. दोन, आवरण पकडणाऱ्या लोखंडी कोनांच्या बोल्टभोवती तडे आहेत का. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. तीन, ओल. पाणी वरच्या कडेतून आत शिरतं आणि वाळायला वाट नसते.

राखाडी, ठिसूळ, सिमेंटसारखी शीट असेल तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिला भोक पाडू नका, तोडू नका, खरवडू नका. जुना रंगही कोरडा घासायचा नाही, शिशाची धूळ होते.

---

दुर्बीण

फोटोंबद्दल. तारीख काढायची म्हणजे दोन बाजूंनी आवळत आणायची : फोटोत जे आहे त्यावरून ‘याच्या नंतरचा’, जे अजून नाही त्यावरून ‘याच्या आधीचा’. दुसरं अनुमान नेहमी कच्चं, कारण एखादी गोष्ट चौकटीबाहेर किंवा गाडीआड असू शकते. म्हणून इमारतीचं नसणं चालेल, खांबाचं नसणं चालणार नाही.

चित्रपटगृहाची पाटी दिसत असेल तर फोटो उच्च रिझोल्यूशनने, किमान १२०० डीपीआयवर स्कॅन करा. चित्रपटाचं नाव वाचता आलं आणि त्या काळच्या वर्तमानपत्रातली जाहिरात सापडली तर आठवडा मिळतो. वाहनांच्या नंबरप्लेटा, निवडणुकीची भित्तिपत्रकं, दुकानावरचा ‘नव्या जागेत’ असा फलकही तितकेच उपयोगी.

सावली वापरा, लोक विसरतात. रस्त्याची दिशा नकाशावरून मिळते. एखाद्या मोजता येणाऱ्या खांबाची उंची आणि त्याच्या सावलीची लांबी-दिशा मिळाली की सूर्याची उंची व दिशा निघते. त्यावरून दिवसाची वेळ आणि वर्षातल्या दोन तारखा मिळतात, अयनदिनाच्या (सर्वांत मोठ्या किंवा लहान दिवसाच्या) दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. दोन्हींपैकी कोणती ते झाडांची पानं किंवा लोकांचे कपडे ठरवतात. वर्ष मात्र सावलीतून मिळत नाही.

पोस्टकार्डावरचा शिक्का फक्त ‘याच्या आधी काढलेला’ एवढं सांगतो. तीच प्लेट दहा-दहा वर्षं छापली जायची. मागची बाजू मजकूर आणि पत्ता अशी दुभागलेली असेल तर कार्ड ब्रिटनमध्ये १९०२ नंतरचं, अमेरिकेत १९०७ नंतरचं. रंगीत कार्डातल्या रंगावरून भिंतीचा रंग ठरवू नका, ते कारखान्यात भरलेले असत. तारा आणि खांबसुद्धा पुसून टाकत. स्लाइड किंवा काचेच्या प्लेटवरून केलेली प्रत उलटी असू शकते, म्हणून आधी पाटीवरची अक्षरं वाचा. पाटी नसेल तर कोपऱ्यावरची इमारत कोणत्या हाताला आहे ते पाहा.

जुन्या फोटोच्या जागेवरून नवा फोटो काढायचा असेल तर लेन्सचा विचार शेवटी करा. दृश्याची मांडणी उभं राहण्याच्या जागेवर ठरते, लेन्स फक्त कापते. जुन्या फोटोत जवळची एक वस्तू आणि दूरची एक वस्तू एकमेकांवर येतात अशा दोन जोड्या शोधा. उदाहरणार्थ, जवळचा खांब दूरच्या खिडकीच्या डाव्या कडेला झाकतो. आता उभे राहा. खांब कडेच्या उजवीकडे दिसतोय? उजवीकडे सरका. जवळची वस्तू जिकडे जास्त गेलेली दिसते तिकडेच आपण जायचं, वर-खाली असलं तरी हाच नियम. जवळची वस्तू प्रमाणाने मोठी वाटली तर मागे व्हा. उंची जुळतच नसेल तर मूळ फोटो समोरच्या पहिल्या मजल्यावरून काढलेला असावा, आणि तशा फोटोंची संख्या कमी नाही.

आजच्या स्थितीची सलग पट्टी मात्र आधी करून घ्या, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. समोरच्या पदपथावरून, कॅमेरा भिंतीला काटकोनात, अजिबात वर न झुकवता. हिशेब असा : फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरच्या) २४ मिलिमीटरची लेन्स उभी धरली तर दहा मीटरवरून दहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर उंच पट्टा मिळतो. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर वर नऊ मीटरपर्यंतचं येतं, म्हणजे दोन मजले आरामात. आडवी धरली तर साडेसहा मीटरवरच कापतं. सहा-दशांश भाग सामाईक राहावा म्हणून दर चार मीटरला एक फोटो. तुमच्या साडेतीनशे मीटरला एका बाजूचे नव्वदेक होतील. ढगाळ सकाळ, सुट्टीचा दिवस, शटरं बंद असताना एकदा आणि उघडी असताना एकदा. दर दहाव्या फोटोत भिंतीला टेकवून दोन मीटरची खुणांची काठी ठेवा. उंची मोजायला शिडी लागत नाही : विटांचे दहा थर मोजपट्टीने मोजा आणि मग वरपर्यंत थर मोजत जा.

---

नकाशावाला

दुर्बीण, पूर्ण सहमत, फक्त एक भर. बरेच जण ही पट्टी न करता गूगल स्ट्रीट व्ह्यूवर विसंबतात. ती सेवा २००७ पासूनची आहे आणि जुनी चित्रं पाहायची सोय २०१४ मध्ये आली, त्यामुळे २००७ नंतरच्या बदलांसाठी सोन्यासारखी. पण चार पावलं पुढे गेलं की चित्राचा महिना-वर्ष बदललेला असतो आणि लक्षात येत नाही. प्रत्येक प्लॉटसमोर थांबून कोपऱ्यातली तारीख वेगळी लिहा. स्क्रीनशॉट स्वतःच्या संशोधनाला ठेवा, प्रसिद्ध करायचे हक्क आपले नाहीत. जुन्या फोटोंचंही तसंच : प्रत कोणाच्या घरात आहे आणि हक्क कोणाचा आहे या दोन वेगळ्या गोष्टी.

---

अर्धा_जिना

तक्त्यात एक रकाना कोणीच सांगितला नाही : वर जायचा जिना कुठून होता. छोट्या गावांच्या मुख्य रस्त्यावर वरचे मजले ओस का पडले हे शोधायचं असेल तर उत्तर बरेचदा त्या रकान्यात सापडतं.

जुनी मांडणी अशी असते की दुकानाच्या दाराशेजारी एक अरुंद दार, आत सरळ जिना, वर बिऱ्हाड, वकील, दाताचा डॉक्टर, छायाचित्रकार. मग दुकानदाराला काचेचं तोंड रुंद हवं असतं. जिन्याची मीटरभर रुंदी खाली मोलाची, म्हणून तो काढतात आणि वर जायला दुकानाच्या आतून, मागून वाट ठेवतात. आता दुकान बंद झालं की वर जाता येत नाही, म्हणजे वरचा मजला वेगळा भाड्याने देता येत नाही. आधी तो गोदाम होतो, मग रिकामा. रिकाम्या मजल्यावर कोणी राहत नाही म्हणून तुंबलेली पन्हळ कोणाला दिसत नाही. पाणी भिंतीच्या माथ्यातून तुळयांच्या टोकांत जातं, आणि लाकूड भिंतीत रुतलेल्या त्या टोकालाच कुजतं, जिथे वारा लागत नाही. खाली छत फुगेपर्यंत काही कळत नाही.

काढलेला जिना ओळखायच्या खुणा : दर्शनी भागाच्या एका टोकाला खिडक्यांच्या मांडणीत न बसणारा मीटरभर रुंद पट्टा, पहिल्या मजल्याच्या जमिनीत नव्या फळ्यांचा लांबट चौकोन, बाजूच्या भिंतीच्या गिलाव्यावर पायऱ्यांची तिरकी करवती रेघ. विम्याच्या नकाशावर तेच दार बहुधा अर्ध्या क्रमांकाने दिसतं, जसं १४ च्या शेजारी १४½. पायरीचा_दगड, तुमच्या १४ नंबरच्या घोळात हे अर्धे क्रमांक नाहीत ना, ते आधी तपासा.

---

पायरीचा_दगड

आहेत! १२½ आणि १६½ सरळ दिसतायत, आणि १४ च्या जागी दोन नोंदी होत्या त्यातली एक बारीक अक्षरात होती. ती पुसट छपाई समजून सोडली होती.

शेवटचा प्रश्न राहिला, दोन साधनांत दोन वर्षं. कोणतं धरायचं?

---

नकाशावाला

कोणतंच नाही. ‘सुरू’ आणि ‘बंद’ असे दोन रकाने ठेवले की ही भांडणं अटळ. चार ठेवा :

नव्हतं हे शेवटचं कधी दिसलं, आहे हे पहिल्यांदा कधी दिसलं, आहे हे शेवटचं कधी दिसलं, नाही हे पहिल्यांदा कधी दिसलं.

समजा १९२४ च्या डिरेक्टरीत त्या गाळ्यात शिंपी, १९२७ च्या डिरेक्टरीत औषधांचं दुकान, १९३९ ला तेच, १९४८ ला रिकामं. तर औषधांच्या दुकानासाठी १९२४, १९२७, १९३९, १९४८ असे चार आकडे. म्हणजे ते १९२४ ते १९२७ च्या दरम्यान उघडलं आणि १९३९ ते १९४८ च्या दरम्यान मिटलं. नुसतं ‘१९२७-१९३९’ लिहिलंत तर पुढचा माणूस तीच उघडण्या-मिटण्याची वर्षं समजून चालतो. आता १९२६ ची एखादी जाहिरात सापडली तर दुसरा आकडा १९२६ करायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. प्रत्येक आकड्यासमोर साधन लिहा. पाटीला मात्र सगळ्यात कमी भरवशाचं साधन माना, कारण दुकान गेल्यावरही पाटी वर्षानुवर्षं राहते.

धंद्याचा प्रकार साधनात जसा छापलाय तसाच एका रकान्यात उतरवा आणि तुमचं वर्गीकरण शेजारच्या रकान्यात करा. आधीच ‘किरकोळ’, ‘सेवा’ असे शिक्के मारलेत तर सायकल विकणारा, दुरुस्त करणारा आणि पुढे पेट्रोल विकणारा एकच माणूस तीन ठिकाणी विखुरतो. नकाशावर टाकायचं असेल तर ओपन हिस्टॉरिकल मॅप या ऑनलाइन ऐतिहासिक नकाशामध्ये प्रत्येक इमारतीला सुरुवातीची आणि शेवटची तारीख देता येते. तिथे तुमच्या चारपैकी मधले दोन आकडे जातील, बाहेरचे दोन टिपेच्या रकान्यात.

सुरुवात सगळ्या साठ इमारतींपासून करू नका. कोपऱ्यापासून लगतचे सहा प्लॉट घ्या, सगळी साधनं त्यांच्यावरच वापरून बघा. तक्त्यात काय कमी पडतं ते सहाव्या प्लॉटपर्यंत कळतं. १२ ते १६ नंबरचा तुकडा त्यासाठी सोयीचा आहे, अर्धे क्रमांक तिथेच आहेत.